व्हिन्येट सर्व्हे: सरपंच 'सुनीता' आणि सरपंच 'सुनील' यांची तुलना कशी करावी?

अबोली

नमस्कार मंडळी. मी समाजशास्त्रात एमए करते आहे, दुसरं वर्ष. प्रबंधासाठी मदत हवी आहे.

विषय असा: सरपंचाचं काम जोखताना सरपंच बाई आहे की पुरुष, यानं गावातल्या लोकांच्या मतात फरक पडतो का? महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. म्हणजे बाईचा कारभार स्वतःच्या गावात नाही तर शेजारच्या गावात तरी लोकांनी पाहिला आहे. पण थेट विचारलं की जवळपास प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं असतं, "बाई काय न् पुरुष काय, काम झालं पाहिजे." हे उत्तर खोटं आहे असं मी म्हणत नाही, पण त्यातून हाती काही लागत नाही.

मार्गदर्शक बाईंनी व्हिन्येट वापरून बघ म्हटलं. म्हणजे एका काल्पनिक सरपंचाचा छोटा प्रसंग वाचून दाखवायचा आणि त्यावर मत विचारायचं. माझा मसुदा:

"सुनीताताई पाटील एका गावच्या सरपंच आहेत. गावाला वित्त आयोगाचा निधी आला. दोन मागण्या होत्या: शाळेकडे जाणारा रस्ता आणि पाण्याची नवी टाकी. सुनीताताईंनी आधी टाकीचं काम घेतलं. रस्त्यासाठी पुढच्या वर्षी तरतूद करू, असं त्यांनी ग्रामसभेत सांगितलं. सुनीताताईंच्या कामाला १ ते १० पैकी किती गुण द्याल?"

अर्ध्या लोकांना हे, उरलेल्या अर्ध्यांना 'सुनीलराव पाटील'. बाकी शब्द न् शब्द तोच. १२ गावं, प्रत्येकी २५ माणसं, एकूण ३००. सहा गावांत सध्या महिला सरपंच आहेत, सहा गावांत नाहीत. 'जिथे बाईचा कारभार पाहिला तिथे पूर्वग्रह कमी' हेही तपासायचं आहे.

एवढ्यावर निष्कर्ष काढता येईल का? आणि काल्पनिक गोष्टीवर दिलेलं मत खरं मानावं का?

गोदाकाठ

अबोली, विषय फार चांगला घेतला आहेस. सविस्तर लिहितो.

या पद्धतीची ताकद एकाच गोष्टीत आहे. कोणाला सुनीता ऐकवायची आणि कोणाला सुनील, हे चिठ्ठी टाकून ठरतं. त्यामुळे दोन्ही गटांत म्हातारे-तरुण, शिकलेले-न शिकलेले, या पार्टीचे-त्या पार्टीचे सरासरीनं सारखेच येतात. तरीही गुणांत फरक पडला तर त्याचं कारण गोष्टीतला बदललेला भाग. मुलाखत देणाऱ्याला आपली कोणाशी तुलना चालली आहे हे कळतही नाही, कारण तो एकच गोष्ट ऐकतो. "काम झालं पाहिजे" असं म्हणणारा माणूस सुनीलला ७ देतो, पण सुनीताला त्यानं ६ दिले असते का, हे एकट्या माणसाबद्दल कधीच कळत नाही. गटाबद्दल कळतं.

तुझ्या विषयावरचा सर्वांत महत्त्वाचा अभ्यास पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातला आहे. लोरी बीमन, राघवेंद्र चट्टोपाध्याय, एस्थर ड्युफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोवा यांचा, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर तिथे प्रधानपदाच्या (प्रधान म्हणजे तिथला सरपंच) एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या आणि कुठल्या ग्रामपंचायतीची पाळी कधी, हे तिथल्या पद्धतीत जवळपास चिठ्ठीनंच ठरत होतं. संशोधकांनी शेकडो गावांत लोकांना प्रधानाचं एकच भाषण ऐकवलं, काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या. शिवाय प्रधानाच्या निर्णयाची छोटी गोष्ट सांगितली, त्यातही बाई की पुरुष हे आलटून पालटून. ज्या गावांत कधीच महिला प्रधान झाली नव्हती तिथल्या पुरुषांनी त्याच कामासाठी बाईला कमी लेखलं. जिथे आरक्षणामुळे बाईचा कारभार पाहिला होता तिथे ही तफावत जवळपास नाहीशी झाली होती.

पण याच अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग लोक सांगायचे विसरतात. 'तुम्हाला नेता म्हणून कोण आवडेल' यात मात्र फार बदल दिसला नाही, पसंती पुरुषालाच राहिली. म्हणजे बाई काम करू शकते हे पटलं होतं, आवड तशीच होती. तू एकच प्रश्न विचारते आहेस, 'कामाला गुण किती'. त्याच्या जोडीला 'पुढच्या निवडणुकीत यांना मत द्याल का' हाही ठेव. दोन्हींची उत्तरं वेगळ्या दिशांनी गेली तर तुझा प्रबंध तिथेच उभा राहील.

पद्धत जुनी आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पीटर रॉसी यांनी ती रुजवली. १९८२ मध्ये त्यांनी स्टीव्हन नॉक यांच्यासोबत संपादित केलेलं पुस्तक आजही मूळ ग्रंथ मानलं जातं. त्यांची कल्पना अशी की माणूस प्रत्यक्षात कोणालाही एका गुणावरून जोखत नाही. वय, शिक्षण, पैसा, कुटुंब सगळं एकदम पुढ्यात येतं. मग प्रश्नातही ते एकदम यावं, आणि आपण त्यातली प्रत्येक बाब स्वतंत्रपणे फिरवावी. जर्मनीत कात्रिन आउस्पुर्ग, थॉमस हिन्झ आणि कार्स्टन साउअर यांनी पगाराबद्दल असंच केलं (प्रसिद्धी २०१७). सुमारे १६०० लोकांसमोर नोकरदारांची छोटी वर्णनं ठेवली. वय, शिक्षण, व्यवसाय, अनुभव, कामगिरी, पगार, स्त्री की पुरुष. प्रश्न एवढाच, हा पगार योग्य वाटतो का? सगळं सारखं असताना स्त्रीचा 'न्याय्य' पगार पुरुषापेक्षा साधारण ८ टक्के कमी निघाला. असं मानणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. 'स्त्रीला कमी पगार असावा का' असं सरळ विचारलं असतं तर हो म्हणणारे किती निघाले असते?

आकड्यांबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो, तिथे तुझ्या आराखड्यात मोठी अडचण आहे.

खडूफळा

माहितीपूर्ण प्रतिसाद. पण अबोलीच्या दुसऱ्या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेलं नाही. बोलणं आणि वागणं यांत अंतर असतं, त्याचं काय?

रिचर्ड लापिएर यांचा १९३४ चा लेख सगळे शिकवतात. एका चिनी जोडप्याबरोबर ते अमेरिकाभर फिरले. २५१ हॉटेलं-खाणावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नाकारलं गेलं. नंतर त्याच ठिकाणांना पत्र पाठवून 'चिनी गिऱ्हाईक घ्याल का' विचारलं, तर उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांनी नाही कळवलं. इथे लोक बोलले वाईट आणि वागले चांगलं. आपल्याकडे बहुधा उलट होईल.

मला तर प्रत्यक्ष प्रयोगच पटतात. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, सवर्ण हिंदू, दलित आणि मुस्लिम आडनावांनी. २००७ चा अभ्यास. मुलाखतीचं बोलावणं कोणाला आलं आणि कोणाला नाही, हे वागणं आहे. त्यात कोणाच्या मनातलं विचारावं लागत नाही.

गोदाकाठ

खडूफळा, आक्षेप रास्त आहे आणि तो तपासलाही गेला आहे.

स्वित्झर्लंडच्या काही गावांत २००३ पर्यंत परदेशी रहिवाशाला नागरिकत्व द्यायचं की नाही हे गावकरी गुप्त मतदानानं ठरवत. मतदानाआधी अर्जदाराची माहिती छापलेलं पत्रक घरोघर जाई: वय, शिक्षण, मूळ देश, किती वर्षं राहतो आहे, भाषा येते का. त्या खऱ्या मतदानाचे निकाल उपलब्ध होते. येन्स हाइनम्युलर, डोमिनिक हांगार्टनर आणि तेप्पेई यामामोतो यांनी नंतर तशाच काल्पनिक अर्जदारांवर सर्व्हे केला आणि खऱ्या निकालाशी ताडून पाहिला (२०१५). दोन अर्जदार शेजारी शेजारी दाखवण्याची पद्धत, जिला कॉन्जॉइंट म्हणतात, सर्वांत जवळ आली. वय, शिक्षण अशा बाबींचा सर्व्हेतला परिणाम खऱ्या मतदानातल्या परिणामापासून सरासरी २ टक्के-बिंदूंच्या आसपासच होता. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर केलेला तोच सर्व्हे मात्र बराच चुकला. आपल्या वर्गातल्या ६० जणांकडून गुगल फॉर्म भरून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तरी एक गोष्ट मी ठामपणे म्हणेन. स्विस मतदान स्वतःच कागदावरचं होतं. पत्रक वाचायचं आणि बंद खोलीत हो-नाही करायचं. सर्व्हेतही तेच करायचं होतं, म्हणून मेळ बसला. घरमालक दारात उभ्या माणसाला घर देतो की नाही, हे कागदावरच्या गोष्टीतून तितकं अचूक निघेल असं या अभ्यासावरून म्हणता येत नाही. व्हिन्येट वापरावं की नाही हे ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारावा: मला ज्यात रस आहे ते वागणं या गोष्टीसारखं दिसतं का? सरपंचाबद्दल पारावर बसून मत बनवणं हे बरंच तिच्यासारखं आहे. म्हणून अबोलीच्या विषयाला पद्धत शोभते.

निर्गुडी

मी सार्वजनिक आरोग्यात काम करते. आमच्याकडे व्हिन्येटचे दोन अगदी वेगळे उपयोग होतात. खडूफळांच्या मुद्द्याशी पहिल्याचा थेट संबंध आहे.

बिहारच्या ग्रामीण भागात, डॉक्टरकी करणाऱ्यांना (बहुतेकांकडे वैद्यकीय पदवी नव्हती) आधी कागदावरची केस सांगितली: लहान मूल, जुलाब, काय द्याल? नंतर त्यांच्याच दवाखान्यांत आधी तयार केलेले लोक, मुलाचा बाप बनून, तीच तक्रार घेऊन गेले. कागदावर बहुतेकांनी ओआरएस सांगितलं. प्रत्यक्षात फारच थोड्यांनी दिलं, आणि नको ती औषधं सर्रास दिली. मनोज मोहनन आणि जिष्णू दास यांच्या गटाचा हा अभ्यास २०१५ चा. आता यावरून व्हिन्येट कुचकामी ठरलं का? माझ्या मते उलट. व्हिन्येटनं ज्ञान मोजलं, खोट्या रुग्णानं वागणं मोजलं, आणि दोन्ही हातात होती म्हणूनच कळलं की प्रश्न माहिती नसण्याचा नाही. नुसतं प्रशिक्षण देऊन तो सुटणार नाही हे नुसत्या एका मोजमापानं कधी कळलं नसतं.

दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये दाखवलं होतं की आजारपण सांगण्याचं प्रमाण केरळात सर्वाधिक आणि बिहारमध्ये कमी, जेव्हा आयुर्मान बरोबर उलटं आहे. 'तुमची तब्येत कशी आहे' याला 'बरी' म्हणताना प्रत्येकाची 'बरी' वेगळी. मग ती जुळवायची कशी? सगळ्यांना तीच ठरावीक माणसं दाखवायची. "अमक्याला जिना चढताना दम लागतो, पण सपाटीवर तो दोन किलोमीटर चालतो. त्याला किती त्रास आहे?" त्या माणसाला तुम्ही कुठे ठेवता यावरून तुमची पट्टी कळते, आणि तुमचं स्वतःबद्दलचं उत्तर त्या पट्टीवर वाचता येतं.

गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये चीन आणि मेक्सिकोची तुलना अशीच केली. सरकारी कारभारात तुमचं किती चालतं, या प्रश्नावर चिनी लोकांनी मेक्सिकन लोकांपेक्षा जास्त चालतं असं सांगितलं. मेक्सिकोनं तर २००० मध्येच ७१ वर्षं सत्तेत असलेला पक्ष मतदानानं हटवला होता. मग गोष्टीतली माणसं दाखवली. त्यात सर्वांत हतबल माणूस असा: प्यायला स्वच्छ पाणी नाही, मताचा हक्क नाही, सरकारात कोणाला पर्वा नाही असं वाटतं, म्हणून गुपचूप सोसतो. ४० टक्क्यांहून जास्त चिनी लोकांनी स्वतःला त्याच्याही खाली ठेवलं. दोन्ही देशांची क्रमवारी उलटली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७-०८ च्या वृद्धांवरच्या पाहणीत असे प्रसंग वापरले होते. भारतातल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता आणि काम मुंबईच्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं केलं होतं. अबोली, तू १ ते १० गुण विचारते आहेस, तर तुझ्या गावांचीही पट्टी वेगवेगळी असणार. कुठे ५ म्हणजे चांगलं, कुठे ८ म्हणजे जेमतेम. सगळ्यांना एकच समान प्रसंग (ग्रामसेवकाचा, नाव न घेता) आधी ऐकव आणि त्याला गुण माग. प्रसंग सगळ्यांना हुबेहूब तोच हवा.

माळरान

मी गेली अनेक वर्षं सर्व्हेची फील्डची कामं करतो, मराठवाडा आणि पश्चिम विदर्भ. वर सगळे परिणामांबद्दल बोलले, मी गोष्टीबद्दल बोलतो. माझ्या अनुभवात अभ्यास बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच.

पहिलं, 'ताई' आणि 'राव' काढून टाक. ताई म्हटलं की माया येते, राव म्हटलं की दरारा येतो. मग तू बाई-पुरुष मोजत नाहीस, माया आणि दरारा मोजतेस. 'सुनीता जाधव', 'सुनील जाधव', दोघांनाही 'त्यांनी'. पुरे.

दुसरं, पाटील हे आडनाव. पाटील म्हटलं की पाटीलकी डोळ्यांपुढे येते, आणि कारभार करणारी बाई पाटलांची असली तर लोक ती घराण्याची मानतात. शिवाय हे आडनाव मराठ्यांत आहे, लेवा समाजात आहे, आगरी समाजात आहे, दक्षिणेकडे जैनांत आणि लिंगायतांत आहे. प्रत्येक भागात वेगळा माणूस डोळ्यांसमोर येणार. जाधव, पवार, गायकवाड ही आडनावंही अनेक जातींत आहेत, पण एकाच जिल्ह्यात काम असेल तर तिथे त्यांचा अर्थ काय घेतात ते आधी दहा जणांना विचारून घे. आडनाव अजिबात नाही दिलं तर? लोक विचारतातच. "कुठल्या समाजाच्या?" आणि प्रश्न विचारणारा पोरगा गोंधळून काहीतरी सांगून बसतो. त्याला एकच ठरलेलं उत्तर शिकवून ठेव: "गोष्टीत तेवढंच दिलंय, तुम्हाला जे कळलं त्यावरून सांगा."

तिसरं, ही गोष्ट ऐकायची आहे, वाचायची नाही. तुझी सहा वाक्यं चालतील, पण 'तरतूद' हा शब्द गेला की अर्धे गप्प होतात. "रस्ता पुढच्या वर्षी करू, असं ग्रामसभेत सांगितलं" एवढंच बास. गोष्ट पूर्ण झाली की "यांनी आधी कोणतं काम केलं?" असं सहज विचारून घ्यायचं. टाकी म्हणाला तर ऐकलंय. चुकला तर पुन्हा वाचायची, आणि दोनदा वाचली याची नोंद ठेवायची. चुकलेल्यांना नंतर हिशोबातून काढून टाकू नये, कारण सुनीताच्या गोष्टीत जास्त लोक चुकत असतील तर तोही निकालच आहे.

चौथं, १ ते १०. साठीच्या पुढच्या माणसाला मी "रुपयात किती आणे काम चांगलं?" असं विचारून पाहिलं आहे. बारा आणे, चौदा आणे असं पटकन येतं. तरुणांना ते कळत नाही. सगळ्यांना एकच माप हवं असेल तर दहा पायऱ्यांची शिडी छापून ने आणि बोट ठेवायला सांग. शिडीचा कागद लॅमिनेट करून घे, पावसात आणि चहात टिकतो.

आणि शेवटचं. मुलाखत एकांतात होणार नाही हे धरून चाल. ओट्यावर माणूस बसवला की शेजारचे तिघे येतात. एका घरात सुनीता ऐकली आणि शेजारच्या घरात सुनील ऐकला, तर संध्याकाळपर्यंत पारावर दोन्ही गोष्टी एकत्र होतात. एका गावात एकाच दिवशी सगळ्या मुलाखती संपव. प्रश्न विचारणाऱ्या मुलामुलींची वाटणीही बघ, मुलीनं सुनीताची गोष्ट सांगितली की लोक हात सैल सोडतात.

वडाळा_लोकल

माळरान यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे.

महाराष्ट्रातलंच उदाहरण हवं असेल तर निखर गायकवाड आणि गॅरेथ नेलिस यांचा मुंबईतला अभ्यास आहे, २०१७ चा. बाहेरून येणाऱ्यांबद्दल मुंबईकरांना काय वाटतं हे त्यांनी घरोघर जाऊन, काल्पनिक स्थलांतरितांचं वर्णन बदलून बदलून विचारलं. मला जे अपेक्षित होतं ते निघालं नाही. बहुसंख्याक समाजातल्या लोकांच्या उत्तरात येणाऱ्याच्या धर्मा-समाजापेक्षा स्वतःच्या पोटापाण्याचा विचार मोठा निघाला. अल्पसंख्याकांच्या उत्तरात मात्र 'आपली माणसं वाढली तर आपण सुरक्षित राहू' हेही होतं. मुंबईत गेली पन्नास-साठ वर्षं ज्यावर राजकारण चाललं आहे त्या प्रश्नावर इतकं बारकाईनं कोणी विचारलं, याचंच मला मोल वाटतं.

याच दोघांनी पुढे (२०२१) वेगवेगळ्या शहरांतल्या नगरसेवकांना मदतीसाठी पत्रं पाठवली, काही स्थानिकाच्या नावानं, काही बाहेरून आलेल्याच्या. बाहेरून आलेल्याला उत्तर मिळण्याची शक्यता २४ टक्के कमी होती. खडूफळा, हे तुमच्या पसंतीचं. पण नगरसेवकांना असं पत्र पाठवता येतं, सामान्य मतदाराला नाही. म्हणून दोन्ही लागतात.

देवराई

मी ग्रामपंचायतीत सदस्य होते, म्हणून एक गोष्ट इथे सांगणं मला आवश्यक वाटतं.

'सुनीता सरपंच आहेत' हे ऐकताच गावातला माणूस दोन गोष्टी मनात आपोआप जोडतो. एक, जागा राखीव असणार. दोन, कारभार नवरा बघत असणार. सरपंचपती हा प्रकार इतका मुरलेला आहे की बैठकीत खुर्चीवर नवराच बसलेला लोकांनी पाहिला आहे. मग सुनीताला १० पैकी ५ मिळाले तर ते बाईला मिळाले, राखीव जागेला मिळाले, की तिच्या नवऱ्याला? तुझ्या आराखड्यातून हे वेगळं करता येणार नाही. नाव बदललं की त्याबरोबर ऐकणाऱ्याच्या डोक्यातलं अख्खं चित्र बदलतं.

ज्या बायकांनी स्वतः कारभार केला, रात्री उशिरापर्यंत दप्तर वाचलं, त्यांच्यावर यामुळे किती अन्याय होतो ते मी पाहिलं आहे. तुझ्या अभ्यासात तो पुन्हा होऊ नये असं मनापासून वाटतं.

गोदाकाठ

देवराई, या धाग्यातला हा सर्वांत मोलाचा मुद्दा. ॲलन डॅफो, बाओबाओ झांग आणि डेव्हिन कॉही यांनी २०१८ मध्ये नेमकं यावरच लिहिलं आहे: तुम्ही गोष्टीत एक बाब बदलता, ऐकणारा तिच्यावरून न सांगितलेल्या दहा बाबींचा अंदाज बांधतो. उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत. पहिला, ती माहिती गोष्टीतच घालायची आणि तीही चिठ्ठीनं फिरवायची. जागा खुली की राखीव. म्हणजे आता तीन गोष्टी: सुनील खुल्या जागेवर, सुनीता खुल्या जागेवर, सुनीता राखीव जागेवर. दुसरा, शेवटी सरळ विचारायचं, "टाकी आधी घ्यायची हे कोणी ठरवलं असेल असं वाटतं?" आणि उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यायचं. हा प्रश्न गुण दिल्यानंतरच, आधी नाही.

नवऱ्याचा अंदाज गोष्टीत 'निर्णय त्यांनी स्वतः घेतला' असं लिहून दाबून टाकू नये, असं माझं मत आहे. सुनीलच्या गोष्टीत हे वाक्य कानाला खटकेल. आणि तो अंदाज म्हणजेच पूर्वग्रहाचा एक भाग आहे, तो मोजायला हवा.

आता आकडे. ३०० माणसं, प्रत्येक गटात १५०. गुणांचं प्रमाण विचलन (म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती पसरतात ते) २ धरलं तर साधारण ०.६५ गुणांपेक्षा लहान फरक तुझ्या हातून निसटण्याची शक्यता बरीच. ०.४ गुणांचा फरक पकडायचा तर गटात ४०० च्या आसपास माणसं लागतात. आता गट तीन होताहेत, म्हणजे गणित आणखी अवघड.

त्यावर मार्ग आहे. प्रत्येकाला एक नव्हे, तीन वेगळे प्रसंग ऐकव: टाकी, गायरानावरचं अतिक्रमण, शाळेची खोली. प्रत्येकात वेगळं नाव, आणि बाई की पुरुष, खुली की राखीव हे दर वेळी चिठ्ठीनं. तोच प्रसंग दोन्ही नावांनी एकाच माणसाला कधीही ऐकवायचा नाही, लगेच कळतं. ९०० गुणांकनं मिळतील, पण ती ९०० माणसं नव्हेत, म्हणून विश्लेषणात एका माणसाची उत्तरं एका गठ्ठ्यात धरायची. आणि फक्त पहिल्या प्रसंगाचा निकाल वेगळा मांडायचा, कारण तिसऱ्यापर्यंत हुशार माणूस ओळखतो.

तुझा दुसरा प्रश्न, सहा गावं विरुद्ध सहा गावं, तो मात्र सोड. गावात २५ ऐवजी १०० माणसं घेतलीस तरी गावं सहाच राहतात. सरपंचपदाचं आरक्षण आपल्याकडे सोडतीनं फिरतं, त्यामुळे प्रश्न अभ्यासण्याजोगा आहे, पण त्याला कित्येक ग्रामपंचायती लागतात. शिवाय आज महिला सरपंच नसलेल्या गावात मागच्या पाच वर्षांत असू शकते, म्हणजे तुलनाच पातळ होते. गावातल्या गावात चिठ्ठी टाकल्यामुळे मुख्य प्रश्नाला मात्र १२ गावं चालतील, गावागावांतला फरक दोन्ही बाजूंना सारखाच लागतो.

माळरान

चिठ्ठी टॅबलेटवर टाका, मुलांच्या हातात देऊ नका. कोबो किंवा ओडीके या सर्व्हेच्या ॲपवर फॉर्म केला तर रँडम आकडा एकदाच निघून गोठेल अशी सोय करावी लागते, नाहीतर फॉर्म पुन्हा उघडला की सुनीताचा सुनील होतो आणि कोणालाच कळत नाही.

आणि मुलाखत संपल्यावर, या गोष्टी बनवलेल्या होत्या, अशी बाई किंवा माणूस कुठे नाही, हे सांगायचं. निवडणुकीच्या तोंडावर मुळीच जाऊ नका. काल्पनिक सरपंचाबद्दल दिलेलं मत गावात खऱ्या सरपंचाबद्दल म्हणून फिरतं, आणि त्याचा त्रास बोलणाऱ्याला होतो.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं एका जागी कुठेच मिळालं नव्हतं. सहा गावं विरुद्ध सहा गावं हा प्रश्न प्रबंधातून काढते आहे, मार्गदर्शक बाईंशीही बोलले. टाकीच्या प्रसंगाचा नवा मसुदा:

"एका गावच्या सरपंच आहेत सुनीता जाधव. सरपंचपद महिलांसाठी राखीव होतं. सुनीता जाधव निवडून आल्या. गावाला निधी आला. लोकांच्या दोन मागण्या होत्या, शाळेचा रस्ता आणि पाण्याची टाकी. सुनीता जाधव यांनी आधी टाकी केली. रस्ता पुढच्या वर्षी करू, असं त्यांनी ग्रामसभेत सांगितलं."

मग शिडीवर बोट. मग 'यांना पुन्हा मत द्याल का'. मग 'टाकी आधी घ्यायची हे कोणी ठरवलं असेल'. समान प्रसंग म्हणून सुरुवातीला ग्रामसेवकाचा. खुल्या जागेच्या गोष्टीत दुसरं वाक्य "सरपंचपद खुलं होतं" असं ठेवलं आहे. बरोबर आहे का?

देवराई

"सरपंचपद खुलं होतं" हे गावात जातीच्या अंगानं ऐकतात, खुल्या प्रवर्गाचं म्हणून. मग जाधव म्हणजे कोण हेही त्यावरून ठरवतील. "सरपंचपदाला बाई किंवा पुरुष, कोणीही उभं राहू शकत होतं" असं म्हण. लांब आहे, पण सरळ आहे.

गोदाकाठ

देवराई म्हणतात तेच वाक्य घे, आणि सुनीलच्या गोष्टीतही तेच. पायलट (आधीची छोटी चाचणी) १२ गावांच्या बाहेरच्या गावात कर, वीसेक माणसं, निम्म्या बायका. तिथे गुण बघू नकोस, फक्त "कोणी ठरवलं असेल" याची उत्तरं आणून इथे टाक. त्यावरून शेवटचा प्रश्न उघडा ठेवायचा की पर्याय द्यायचे ते ठरवू.